लाकडी पिंपात मुरवलेली आंबट बिअर: चव कशी लागली, आणि दुसरी बाटली सांगलीच्या उन्हाळ्यात कशी ठेवू?

हरिपूरकर
ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली आंबट बिअर इथे कुणी प्यायली आहे का? असेल तर मला तुमचं मत हवंय.

माझी मावसबहीण ब्रसेल्सला असते. तिने सुट्टीला येताना काँतियों नावाच्या तिथल्या जुन्या ब्रूअरीच्या ग्यूझ या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. पाऊण लिटरची एक, म्हणजे कस्टमच्या दोन लिटरच्या सवलतीत दोन्ही आरामात बसल्या. त्यातली एक आम्ही चौघांनी मिळून उघडली.

रंग गढूळसर सोनेरी, केशरी झाक असलेला. फेस भराभर वर आला आणि तसाच भराभर बसला. पहिला वास लिंबाच्या सालीचा आणि हिरव्या सफरचंदाचा. ग्लास जरा हलवला तर खालून वेगळंच काही यायला लागलं: ओलं गवत, जुनी लाकडी पेटी, आणि चक्क घोड्याचं खोगीर. घोट घेतला तर आधी जबडा आवळला. गोडी जवळपास शून्य, बिअरचा नेहमीचा कडवटपणाही नाही. आंबटपणा मात्र एका ठिकाणी थांबत नाही. आधी जिभेच्या कडांना, मग गालांत, आणि शेवटी द्राक्षाची बी चावल्यावर जिभेला जो तुरटपणा येतो तो. घोट गिळल्यावर तोंड कोरडं पडतं आणि लगेच दुसरा घ्यावासा वाटतो.

फ्रिजमधून काढल्या काढल्या ती नुसती आंबट लागली. गारवा उतरत गेला तशी ती उलगडत गेली. शेवटचा अर्धा ग्लास मी बराच वेळ धरून बसलो होतो. आजवर मी प्यायलेलं इतकं गुंतवून ठेवणारं दुसरं पेय मला आठवत नाही.

चौघांपैकी एकाचं ठाम मत पडलं की ही खराब झाली आहे. म्हणून दोन प्रश्न. ही अशीच असते का? आणि दुसरी बाटली एप्रिल-मेच्या चाळिशीत इथे टिकेल का, की लगेच उघडू?

सरळ_सोट
मी तुमच्या त्या चौथ्या मित्राच्या बाजूने. बिअर थंडगार आणि कडवट. आंबट लागली की बाटली काउंटरवर परत, हा नियम आम्ही विलिंग्डन कॉलेजच्या दिवसांपासून पाळतोय.

मिरजेची_माही
वर्णन वाचून तोंडाला पाणी सुटलं. पण घोड्याचं खोगीर? तो वास लोकांना खरंच आवडतो, की दादा तुम्ही सभ्यपणे लिहिलंय?

हरिपूरकर
माहीताई, आवडतो. मलाही आवडला. पहिल्या मिनिटाला नाही, पण नंतर त्याच्याशिवाय ती बिअर अपुरी वाटली असती.

जीवाणूवाला
कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. जरा लांबेल.

हरिपूरकर, तुमच्या बाटलीत काही बिघडलेलं नाही. ती लॅम्बिक जातीची बिअर आहे. ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा झेन नदीचा परिसर हे तिचं घर. साधारण एक तृतीयांश कच्चा गहू, बाकी बार्लीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने करून घालतात, म्हणजे कडवटपणा जातो पण जीवाणूंना आवर घालायची त्यांची ताकद उरते. या धान्याचं उकळलेलं पाणी रात्रभर एका उथळ, पसरट तांब्याच्या टाकीत उघडं ठेवतात. बाहेरून यीस्ट घालायचंच नाही. हवेत आणि त्या जुन्या इमारतीत जे आहे ते त्यात उतरतं. सकाळी सगळं पिंपांत जातं.

पुढे पिंपात पाळ्या लागतात. पहिले काही आठवडे आतड्यातल्या जीवाणूंचे भाऊबंद. अल्कोहोल आणि आम्ल वाढलं की ते मरतात. मग नेहमीचं यीस्ट बहुतेक साखर खाऊन टाकतं. त्यानंतर उन्हाळ्यात पेडिओकॉकस नावाचा जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतो. या काळात बिअर कधी कधी तेलासारखी दाट, तार धरणारी होते. त्या अवस्थेत कुणी चाखली तर तुमच्या मित्राचं म्हणणं पटेल! पण शेवटी येतं ब्रेटनोमायसीस. हे सावकाश काम करणारं यीस्ट आहे. ते तो दाटपणा खाऊन संपवतं, बाकीच्यांना न पचलेल्या साखरा पचवतं आणि तुम्हाला आलेला खोगिराचा वास देतं. त्यामागचं मुख्य रसायन ४-एथिलफिनॉल.

कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी १९०४ साली इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधून हे यीस्ट ओळखलं आणि त्याला नाव दिलं. म्हणजे त्या काळच्या चांगल्या इंग्लिश बिअरची चव ज्याने येत होती, तेच हे.

साध्या बिअरचा पीएच (जितका कमी तितकं आंबट) साधारण ४.२ ते ४.६. ग्यूझचा ३.२ ते ३.५ च्या आसपास. एवढं आम्ल आणि पाच-साडेपाच टक्के अल्कोहोल एकत्र असताना माणसाला आजारी पाडणारे जीवाणू तिथे टिकत नाहीत. आंबट म्हणजे नासलेलं, हे समीकरण इथे लागू होत नाही.

सरळ_सोट
सर, पटलं. पण आतड्यातल्या जीवाणूंचे भाऊबंद हे वाचल्यावर आज तरी माझ्याच्याने होणार नाही.

पलूसचा_बाळू
मी पलूसच्या वाइन पार्कात काही वर्षं तळघराचं काम बघितलंय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे ब्रेट, म्हणजे तेच ब्रेटनोमायसीस, हे नाव काढलं तरी मालकाचा चेहरा उतरायचा. वाइनमध्ये ते एकदा पिंपात शिरलं की लाकडाच्या आत खोल बसतं, धुऊन निघत नाही. पिंप रिकामं झालं की गरम पाण्याने धुवायचं आणि आत गंधकाची वात जाळायची, हा नेम. तासगावकडे बेदाण्याला रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तेच गंधक.

म्हणून पहिल्यांदा अशी बिअर हातात आली तेव्हा वास घेऊन मी ग्लास खालीच ठेवला होता. आम्हाला जो दोष म्हणून ओळखायला शिकवलं, तो इथे मुद्दाम जपलेला. पण प्यायल्यावर कळलं की वाइनमध्ये तो फळाचा वास मारतो. इथे फळ मुळात कमी, आंबटपणा भक्कम, त्यामुळे त्याला बसायला जागा मिळते. द्राक्षाच्या बीचा तुरटपणा म्हणालात ना दादा, तो बराचसा लाकडाच्या टॅनिनचा.

हरिपूरकर
सर, बाळूदादा, दोघांचे मनापासून आभार. बहिणीने ती ब्रूअरी बघितली आहे. १९०० साली सुरू झालेली, अजून त्याच जागेत. ती सांगत होती की पिंपांवरची कोळ्यांची जाळी तिथे कुणी काढत नाही, कारण कोळी फळमाश्या खातात आणि फळमाश्या आल्या की बिअरचं व्हिनेगर व्हायची भीती.

एक कळलं नाही. बाटलीवर एक, दोन आणि तीन वर्षांच्या बिअरचं मिश्रण असा उल्लेख आहे. तीन वर्षांची सगळ्यात चांगली असेल तर तीच का भरत नाहीत?

पोवईनाका
मूळ साताऱ्याचा, सध्या पुण्यात एका छोट्या ब्रूअरीत बिअर बनवतो. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

तीन वर्षांच्या लॅम्बिकमध्ये खायला साखरच उरलेली नसते. ती सपाट असते, बुडबुडा नाही. एक वर्षाच्या बिअरमध्ये थोडी साखर शिल्लक असते, ती बाटलीत पुन्हा आंबते आणि वायू तयार होतो. ग्यूझला शॅम्पेनसारखं बूच लागतं ते म्हणून. पण नुसता फेस हे कारण नाही. तरुण बिअर टवटवीतपणा देते, मधली अंग देते, म्हातारी खोली आणि तो खोगिराचा वास. प्रत्येक पिंप वेगळं वागतं. एकाच दिवशी भरलेली शेजारशेजारची दोन पिंपं दोन वर्षांनी दोन तऱ्हांची निघतात. त्यामुळे तिथली खरी कारागिरी मिश्रण करणाऱ्याच्या जिभेत आहे. पन्नास पिंपं चाखून कुठली कुठल्याशी जमेल हे ठरवणं, आणि न जमणारी निर्दयपणे गटारात ओतणं.

आम्ही शहरातले ब्रूअर ‘सावर’ म्हणून जी विकतो ती बहुतेक वेळा झटपट असते. माल्टचं पाणी चाळीस अंशांच्या आसपास ठेवून त्यात लॅक्टोबॅसिलस सोडायचे, एक-दोन दिवसांत आंबट झालं की उकळून जीवाणू मारायचे, मग यीस्ट घालायचं. उन्हाळ्यात छान लागते, मी ती अभिमानाने बनवतो. पण तिचा आंबटपणा एका सुराचा असतो. हरिपूरकरांनी लिहिलंय की आंबटपणा एका ठिकाणी थांबत नाही, तो फरक तिथेच आहे. पिंपात लॅक्टिक आम्ल असतं, थोडं अॅसेटिक असतं, त्यांचे अल्कोहोलशी जुळून झालेले सुगंधी पदार्थ असतात. लाकडातून अगदी किंचित हवा आत जाते आणि त्या हवेवर पुढचं सगळं अवलंबून असतं. हवा जास्त झाली की नेलपॉलिशचा वास आणि व्हिनेगर. अगदीच नसली तर ब्रेट खुलत नाही.

आणि लाकडाची चव म्हणून व्हॅनिला किंवा नारळ शोधू नका. तो नव्या ओकचा गुण. लॅम्बिकवाले जुनी, वाइनची झालेली पिंपं वापरतात. लाकडाने चव द्यावी यापेक्षा त्यात जीवाणूंनी घर करावं, हा हेतू.

दुसरा प्रकार बघायचा असेल तर रोडेनबाखची ग्राँ क्रू मिळवा. पश्चिम फ्लँडर्समधल्या रूसलारची. लालसर तपकिरी, माणसाहून कितीतरी उंच उभ्या ओकच्या टाक्यांत मुरवलेली, दोन तृतीयांश जुनी आणि एक तृतीयांश ताजी. तिच्यात व्हिनेगरची धार जास्त, पण सोबत गोडी आणि चेरीसारखं फळ. सरळ_सोट, तुम्ही तिथून सुरुवात करा. ग्यूझवर थेट उडी घेऊ नका.

सरळ_सोट
आता उत्सुकता वाटायला लागली, हे कबूल. पुण्याला आलो की तुमची झटपटवाली आधी.

कोरेगावची_लेक
सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण मला बोलायचंय. आमच्या भागात बायकांनी वर्षानुवर्षं आडवी बाटलीसाठी रान उठवलं. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं, आणि त्या निम्म्या जणींना मतदानाला बाहेर काढायला किती दारं वाजवावी लागतात ते मी माझ्या आईसोबत फिरून बघितलंय. घरात दारूने काय होतं हे ज्यांनी सोसलंय त्यांना वास, रंग, तुरटपणा ही चर्चा लांबची वाटते. कुणावर राग नाही. फक्त हे इथे लिहिलेलं असावं.

हरिपूरकर
ताई, बरं केलंत लिहिलंत. माझ्या आजोळी हेच झालंय, माझ्या मामींनी त्या मतदानात काम केलंय. चौघांत एक बाटली, जेवणासोबत, आणि तीही वर्षातून कधीतरी, यापलीकडे मला जायचं नाही. तुमचा मुद्दा धाग्यात राहू दे.

जीवाणूवाला
सहमत.

पाचगणी_पठार
एक भाबडा प्रश्न. महाबळेश्वरला डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठतं. हवा स्वच्छ, स्ट्रॉबेरी दारात. आपल्याकडे उघड्या टाकीतली अशी बिअर का होऊ नये? घरी छोट्या प्रमाणात करून बघू का?

पोवईनाका
घरी नको. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. थोडं केलं, स्वतःसाठी केलं, हे तिथे चालत नाही. प्यायलासुद्धा कायद्याने परवाना लागतो, आणि बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं.

परवानाधारक ब्रूअरीने करायचं म्हटलं तर मात्र विचार करण्यासारखं आहे, आणि मी तो बऱ्याचदा केलाय. अडचण थंडीची. ब्रसेल्सकडे ऑक्टोबरअखेर ते एप्रिलची सुरुवात असा जवळपास पाच महिन्यांचा हंगाम मिळतो. रात्रीचं तापमान आठ अंशांच्या खाली गेलं की पाणी हव्या त्या वेगाने निवतं आणि नको ते जीवाणू माजत नाहीत. आता तिथेही उबदार रात्रींमुळे हंगाम आखडतोय. महाबळेश्वरला तशा रात्री मोजक्याच, आणि त्याही सलग नाहीत. त्याहून मोठी अडचण पुढची. पिंपं तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे काढणार. तिथला पावसाळा तुम्हाला मी काय सांगू! लाकडाला बुरशी धरणार.

स्ट्रॉबेरीचं म्हणाल तर पिंपातल्या बिअरमध्ये ती फिकी पडते. रंग उडतो, वास पातळ होतो. बेल्जियमवाले आंबट चेरी आणि रासबेरी घेतात, साधारण लिटरला २०० ग्रॅम, आणि काही महिने फळ बिअरमध्येच राहतं. आपल्याकडचं फळ निवडायचं तर मी तुती घेईन. महाबळेश्वरची पिकलेली काळी तुती. रंग पक्का, आंबटगोड. नाहीतर करवंद, त्याचा चीकसुद्धा तुरटपणात खपून जाईल.

पलूसचा_बाळू
करवंद! पोवईनाका, परवाना काढा, पिंपं धुवायला मी येतो.

हळकुंड
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला, दुसरी बाटली कुठे ठेवायची. हरिपूरकर, तुम्ही हरिपूरचे असून विचारताय? पेवात ठेवा.

बाहेरच्यांसाठी सांगतो. हरिपुरात हळद साठवायला जमिनीखाली खोल पेवं होती, शेकड्यांनी. तोंड बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही, तापमान बारा महिने जवळपास सारखं. पेव उघडलं की माणूस लगेच उतरायचा नाही. आधी आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील खाली सोडून बघायचा, विझला नाही तरच उतरायचं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं गेली. आमचंही गेलं.

हरिपूरकर
हळकुंडकाका, आमच्या घराण्याचं पेव होतं, आजोबांनी त्यात उतरलेलं मला आठवतंय. आता शिल्लक नाही. आणि २००५ नंतर २०१९ सुद्धा बघितल्यावर सांगलीत जमिनीखाली काही ठेवायचं धाडस होत नाही.

जीवाणूवाला
पेवाची कल्पना शास्त्राने अगदी बरोबर आहे, काका. स्थिर तापमान, अंधार. बिअरला हेच हवं. ही बिअर जिवंत आहे, बाटलीत ब्रेट अजून काम करतंय, त्यामुळे नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते आणि बदलत जाते. पण चाळीस अंशांत तेच काम घाईने आणि वेडंवाकडं होतं, शिवाय आतला दाब वाढतो. कपाटात, माळ्यावर अजिबात नको.

फ्रिजमध्ये ठेवा. दारात नाही, दार उघडझाप होतं. सगळ्यात खालच्या भाजीच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून. फ्रिजच्या थंडीत ती मुरणार नाही फारशी, पण बिघडणारही नाही.

पोवईनाका
+१. उभी की आडवी हा वाद आहे. ग्यूझ परंपरेने आडवी ठेवतात, बूच ओलं राहावं म्हणून. काही महिन्यांचाच प्रश्न असेल तर उभी ठेवा, गाळ तळाशी बसेल. धातूचं झाकण काढल्यावर आत बूच आहे हे माहीत आहेच तुम्हाला, तोंड कुणाच्याही चेहऱ्याकडे नको. प्यायच्या आधी बाहेर काढून अर्धा-पाऊण तास ठेवा, बारा ते चौदा अंशांवर ती सगळ्यात छान लागते. तुम्हाला शेवटचा ग्लास आवडला तो त्यामुळेच.

आणि पुढे कुणी बेल्जियमहून मागवणार असेल तर बाटलीवर ‘आउड’ लिहिलेलं बघा. नुसतं ग्यूझ लिहिलेल्या काही बाटल्यांत साखर घालून ती गोड केलेली असते.

हरिपूरकर
ठरलं मग. भाजीच्या कप्प्यात उभी, दिवाळीपर्यंत. तोवर सांगलीचा उन्हाळाही सरेल.

मिरजेची_माही
आणि सोबत खायला काय होतं ते कुणीच विचारलं नाही!

हरिपूरकर
भडंग होतं, ते अजिबात जमलं नाही. तिखट आणि बुडबुडे मिळून जिभेची आग झाली, बिअरची चव हरवली. खारे शेंगदाणे बरे लागले. कंदी पेढ्याचा तुकडा खाऊन घोट घेतला तर बिअर कमालीची आंबट लागली, तसं करू नका.

पोवईनाका
ब्रसेल्सला जुन्या खानावळींत हिच्यासोबत पावावर ताजं मऊ चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि पातीचा कांदा देतात. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, ताजा चक्का, मीठ, मुळा, कांद्याची पात. मी करून बघितलंय, फार सुंदर जमतं. चक्क्याच्या स्निग्धपणाने आंबटपणाची धार मवाळ होते आणि मुळ्याचा झणका मागे राहतो.

कोरेगावची_लेक
हे मात्र मी बिअरशिवाय करणार! आणि आंबट आवडणाऱ्यांनी आमची आंबील करून बघा. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात रात्र पुरते, थंडीत दुसरा दिवसही लागतो. सकाळी पाणी उकळून त्यात ते सोडायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. गार करून वर पुन्हा ताक घालून पातळ करायचं.

जीवाणूवाला
ताई, रात्रभर जे काम करतात तेही लॅक्टिक आम्ल बनवणारेच जीवाणू. पेडिओकॉकसही त्याच गटातला.

सरळ_सोट
ताई, नाचणीचं पीठ चालेल का? घरात तेच आहे.

कोरेगावची_लेक
चालेल की. नाचणीची जरा दाट होते, ताक जास्त घाला. आणि लसूण शिजताना नको, उतरवल्यावर घाला.